पिवळा फ्लॅग नेमका कशासाठी पडला? पास इंटरफिअरन्स आणि कॉन्टॅक्टचे नियम, नवीन प्रेक्षकांसाठी

अमेरिकन फुटबॉल नव्याने बघायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, की अरे हे लोक एकमेकांना धडाधड आपटतात तेव्हा कोणी काही बोलत नाही आणि तिकडे लांब कोपऱ्यात एकाने दुसऱ्याचा दंड जरासा धरला तर लगेच रेफरीचा पिवळा फ्लॅग, म्हणजे फाऊलची खूण, चाळीस यार्ड बॉल पुढे आणि अख्खी मॅच फिरली! प्रश्न रास्त आहे. पण याच्यामागे सरळ हिशोब आहे आणि तो एकदा डोक्यात बसला की हा खेळ बघायला दुप्पट मजा येते, हे मी अगदी मनापासून सांगतोय. इथे सगळं एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, नियम धरून लिहिलंय, कॉलेज आणि शाळेच्या खेळात थोडं वेगळं असतं ते शेवटी येईल.

सगळ्यात आधी एक सवय सोडा. धक्का किती जोरात बसला हे बघणं सोडा. फाऊल आहे की नाही हे बऱ्याचदा जोरावर ठरतच नाही, त्या क्षणी बॉल कुठे होता यावर ठरतं. तोच धक्का बॉल फेकायच्या आधी चालतो, बॉल हवेत असताना चालत नाही, आणि बॉलला कोणाचातरी हात लागला की परत चालतो.

जुजबी माहिती पटकन सांगतो. जिथून प्ले सुरू होतो ती आडवी रेघ म्हणजे लाइन ऑफ स्क्रिमेज. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाऊनमध्ये, दहा यार्ड काढले की परत नवीन चार मिळतात, यालाच फर्स्ट डाऊन मिळाला म्हणतात. बॉल ज्यांच्याकडे ते ऑफेन्स, त्यांना अडवणारे डिफेन्स. क्वार्टरबॅक बॉल फेकतो, रिसीव्हर पळत जाऊन पकडतो, आणि त्याच्या मागावर असतो कॉर्नरबॅक नाहीतर सेफ्टी. आपली सगळी गोष्ट या रिसीव्हर आणि कॉर्नरबॅकमधली आहे.

पायरी १ : बॉल कुठे आहे ते ठरवा

तीनच शक्यता. बॉल क्वार्टरबॅकच्या हातात आहे, बॉल हवेत आहे, किंवा बॉलला कोणीतरी स्पर्श केलाय. हातात असताना डिफेन्सला लागू होतात दोन नियम, इललीगल कॉन्टॅक्ट आणि डिफेन्सिव्ह होल्डिंग. हातातून सुटला की लागतो पास इंटरफिअरन्स, ज्याला सगळे पीआय म्हणतात, डिफेन्सने केला तर डीपीआय आणि ऑफेन्सने केला तर ओपीआय. आणि एकदा का बॉलला कोणाही खेळाडूचं बोट लागलं की पास इंटरफिअरन्स संपला. म्हणूनच लाइनवरच्या एखाद्या उंच डिफेन्सिव्ह खेळाडूने हात वर करून बॉल नुसता टिपला तरी पुढे कॉर्नरबॅकने रिसीव्हरला बॉल यायच्या आधी आडवा केला तर चालतं, आणि घरी बसलेले लोक उगाच ओरडत असतात.

एक अपवाद इथेच लक्षात ठेवा. ऑफेन्ससाठी बंधन बॉल सुटल्यावर सुरू होत नाही, ते स्नॅपपासूनच, म्हणजे प्ले सुरू करायला बॉल मागे क्वार्टरबॅककडे दिला जातो त्या क्षणापासूनच, सुरू होतं, कारण रिसीव्हर बॉल यायच्या आधीच डिफेंडरला ढकलून स्वतःची जागा करून घेऊ शकतो. त्यावर पुढे बोलू.

पायरी २ : बॉल हातात असेल तर पाच यार्ड मोजा

लाइनपासून पहिल्या पाच यार्डांत कॉर्नरबॅक रिसीव्हरला समोरून ढकलू शकतो, त्याची पळायची लय मोडू शकतो, याला प्रेस कव्हरेज म्हणतात आणि चांगला प्रेस बघणं हा एक वेगळाच आनंद आहे. पण पाच यार्डांनंतर हात आवरायचे. त्यापुढे त्याने रिसीव्हरला अडवणारा धक्का दिला आणि क्वार्टरबॅक अजून बॉल घेऊन पॉकेटमध्ये, म्हणजे आपल्या लाइनमनच्या आडोशाला, उभा असेल तर इललीगल कॉन्टॅक्ट. शिक्षा पाच यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाऊन.

हे पाच यार्ड आले कुठून? सत्तरच्या दशकात पिट्सबर्ग स्टीलर्सकडे मेल ब्लाउंट नावाचा कॉर्नरबॅक होता, सव्वासहा फूट उंच, ताकदवान, आणि तो रिसीव्हरला सुरुवातीपासून पार मैदानभर धक्के देत न्यायचा, तेव्हा ते बऱ्यापैकी चालायचं. १९७८ मध्ये लीगने पाच यार्डांची मर्यादा घातली आणि लोक आजही तिला मेल ब्लाउंट रूल म्हणतात. त्याच वर्षी ऑफेन्सिव्ह लाइनमनना हात लांब करून, तळवे उघडे ठेवून ब्लॉक करायची परवानगी मिळाली, म्हणजे क्वार्टरबॅकला वेळही मिळाला आणि रिसीव्हरला मोकळं रानही मिळालं. सहाच वर्षांनी १९८४ मध्ये मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरीनोने एका सीझनमध्ये ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या एंड झोनपर्यंत पोचवणारे पास, फेकले. मरीनो जबरदस्तच होता, पण नियम जुने राहिले असते तर हे आकडे दिसले असते असं मला वाटत नाही. (आणि ब्लाउंटचं काय झालं म्हणाल तर काही बिघडलं नाही, नियम बदलल्यावरही तो उत्तम खेळला आणि १९८९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.)

नियम असला तरी तो किती कडक लावायचा हे मागेपुढे होत राहतं, हेही नवीन माणसाला माहीत पाहिजे. १८ जानेवारी २००४ ला न्यू इंग्लंड पेट्रिऑट्सनी क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या इंडियानापोलिस कोल्ट्सना २४-१४ हरवलं, मॅनिंगचे चार पास समोरच्यांनीच पकडले, म्हणजे इंटरसेप्शन झाले, आणि त्यातले तीन एकट्या टाय लॉने घेतले, पेट्रिऑट्सचे डिफेंडर रिसीव्हरना भरपूर धरत-ढकलत होते अशी मोठी बोंब झाली, आणि पुढच्या सीझनला लीगने रेफरींना सांगितलं की इललीगल कॉन्टॅक्ट नीट पकडा. शब्दशः नवा नियम काही नव्हता, जुनाच कडकपणे लावला. त्या २००४ च्या सीझनमध्ये मॅनिंगने ४९ टचडाऊन फेकून मरीनोचा विक्रम मोडला.

आता पॉकेटचा मुद्दा, इथे खूप जण गोंधळतात. क्वार्टरबॅक पॉकेट सोडून बाजूला पळाला की इललीगल कॉन्टॅक्टचं बंधन सुटतं, डिफेंडर परत धक्का देऊ शकतो. पण जर्सी धरणं, हात धरून ठेवणं, कमरेला मिठी मारणं, म्हणजे होल्डिंग, ते तेव्हाही फाऊलच. होल्डिंगला पाच यार्डांची सूटही नाही, पहिल्या यार्डातसुद्धा धरलं तर फाऊल. शिक्षा तीच, पाच यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाऊन.

पाच यार्ड म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. खरी किंमत त्या फर्स्ट डाऊनची असते. थर्ड डाऊन, अठरा यार्ड बाकी, डिफेन्सने पास मोडून काढला, लोक टाळ्या वाजवतायत आणि तिकडे दुसऱ्याच टोकाला एकाने जर्सी धरलेली, की परत चार डाऊन मोजायला सुरुवात. याचं सगळ्यात ठळक उदाहरण १२ फेब्रुवारी २०२३ चा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल. कॅन्सस सिटी चीफ्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स ३५-३५ बरोबरीत, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ, चीफ्सचा थर्ड डाऊन, आठ यार्ड बाकी. पास चुकला, पण ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीने चीफ्सच्या जुजू स्मिथ-शूस्टरला धरल्याबद्दल होल्डिंगचा फ्लॅग पडला. चीफ्सना नवीन डाऊन मिळाले, त्यांनी घड्याळ पळू दिलं आणि शेवटच्या काही सेकंदांत फील्ड गोल मारून (बॉल खांबांमधून किक करायचा, तीन गुण) ३८-३५ जिंकले. जगभर आरडाओरडा झाला की अशा क्षणी एवढ्याशा पकडीवर फ्लॅग द्यायचा का, पण मॅच संपल्यावर ब्रॅडबेरीने स्वतः मान्य केलं की हो, मी जर्सी ओढली. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून फार आदर आहे. आणि माझं मत विचाराल तर फ्लॅग बरोबर होता, वळताना धरलं की रिसीव्हरचं अर्ध पाऊल जातं आणि या खेळात अर्ध पाऊल म्हणजे सगळंच.

पायरी ३ : बॉल हवेत असेल तर डिफेंडरचे हात बघा

हा लेखाचा गाभा आहे, सावकाश वाचा. बॉल सुटला की मैदानावरच्या दोघांनाही, रिसीव्हरला आणि डिफेंडरलाही, बॉलपर्यंत जायचा सारखाच हक्क असतो. बॉल काही रिसीव्हरच्या बापाचा नाही, डिफेंडरही तो पकडायला उडी मारू शकतो आणि त्या नादात दोघं आपटले तर तो फाऊल नाही. फाऊल तेव्हा होतो जेव्हा लाइनपासून एक यार्डापेक्षा पुढे कोणीतरी समोरच्याची बॉल पकडायची संधी ठळकपणे कमी करतो.

व्यवहारात रेफरी ज्या गोष्टी शोधतात त्या अशा. डिफेंडर बॉलकडे बघतच नाहीये आणि येऊन आदळला. रिसीव्हरच्या पाठीतून घुसून बॉलला हात घालायचा प्रयत्न केला. रिसीव्हरचा एक हात दाबून धरला, मग बिचारा एकाच हाताने झेल घेतोय. छातीवर आडवा हात टाकून त्याला वर उडी मारू दिली नाही, याला आर्म बार म्हणतात. कमरेत हात अडकवून बॉल यायच्या आधी त्याला फिरवला. आणि शेवटचा प्रकार जरा छुपा असतो, डिफेंडर बॉलचा विचार न करता मुद्दाम रिसीव्हरच्या वाटेत येतो आणि त्याचा वेग मारतो.

बघताना युक्ती अशी की रिप्लेमध्ये बॉलकडे बघूच नका. दोन गोष्टींवर नजर ठेवा, डिफेंडरचं डोकं कुठे वळलंय आणि त्याचा जवळचा हात कुठे आहे. डोकं मागे वळून बॉल शोधतंय तर त्याला बरीच मोकळीक मिळते, डोकं रिसीव्हरकडे आणि हात त्याच्या अंगावर असेल तर बहुतेक फ्लॅग येणार. मात्र पाठ बॉलकडे असणं हा स्वतःत फाऊल नाही हं! एनएफएलमध्ये स्पर्श न करता रिसीव्हरच्या तोंडासमोर हात हलवले तरी चालतं. स्पर्श झाला पाहिजे.

पायरी ४ : बॉल पकडण्यासारखा होता का?

पास इतका वर किंवा इतका बाहेर गेला असेल की धक्का नसता तरी तो कोणाच्या हाती लागला नसता, तर पास इंटरफिअरन्स नाही. हे आपल्या एलबीडब्ल्यूसारखं आहे, पॅडला बॉल लागला हे सगळ्यांना दिसतं पण निर्णय त्यावर होतो की लागला नसता तर तो कुठे गेला असता. म्हणजे अंदाज आलाच आणि अंदाज आला की वादही आले. रेफरी डोक्यावर तळहात आडवा धरून मागेपुढे हलवताना दिसला की समजा, पास पकडण्यासारखा नव्हता म्हणतोय.

तसंच, दोघं बॉलकडे बघत पळतायत आणि पायात पाय अडकून पडले तर ते नुसतं नशीब, फाऊल नाही. हात अंगावर नुसता ठेवलाय, अडवत नाहीये, तरीही नाही.

काठावरचा निर्णय कसा असतो ते ४ जानेवारी २०१५ च्या डेट्रॉइट लायन्स आणि डॅलस काउबॉइज प्लेऑफमध्ये दिसलं. चौथ्या क्वार्टरमध्ये लायन्स २०-१७ पुढे, त्यांच्या ब्रँडन पेटिग्रूला पास, डॅलसचा अँथनी हिचेन्स बॉलकडे न बघता त्याच्या अंगाशी. फ्लॅग पडला, रेफरीने माइकवर डीपीआय जाहीरही केला, आणि मग आपसात बोलून फ्लॅग उचलून घेतला! डॅलस २४-२० जिंकलं. लायन्सचे चाहते आजही हा विषय काढतात. तो प्ले शोधून बघा आणि पायरी १ वापरा, कारण पास सुटण्याच्या आधी जर्सीला हात गेलाय, म्हणजे पीआयचा वाद बाजूला ठेवला तरी होल्डिंगचा प्रश्न उरतोच.

पायरी ५ : रिसीव्हरलाही तेच बंधन

नवीन लोक ओपीआय विसरतात. रिसीव्हर वळायच्या क्षणी हात ताठ करून डिफेंडरच्या छातीवर ढकलतो आणि एक यार्ड मोकळी जागा मिळवतो. दोघांचेही हात एकमेकांवर चाललेत तोवर रेफरी सहसा सोडून देतात, पण कोपर सरळ झालं आणि मध्ये ठळक अंतर पडलं की फ्लॅगची वाट बघा.

दुसरा प्रकार पिक प्ले. दोन रिसीव्हर एकमेकांना छेदून पळतात आणि एकजण दुसऱ्याच्या डिफेंडरला वाटेत अडवतो. लाइनपासून एका यार्डाच्या आत अडवलं तर कायदेशीर, त्यापुढे पास हवेत जायच्या आधी अंगावर जाऊन ब्लॉक केला तर ओपीआय. म्हणून हुशार टीम नुसतं जवळून पळवतात, स्पर्श होऊ देत नाहीत, डिफेंडर स्वतःच वळसा घालून जातो. हे फार सुंदर दिसतं, जरूर शोधून बघा.

ओपीआय सुटला तर काय होतं याचं उदाहरण २४ सप्टेंबर २०१२, सिएटल. नेहमीचे रेफरी लीगसोबतच्या वादामुळे बाहेर होते आणि बदली रेफरी मॅच चालवत होते. ग्रीन बे पॅकर्स १२-७ पुढे, शेवटचा प्ले, सिएटल सीहॉक्सच्या रसेल विल्सनने एंड झोनमध्ये उंच बॉल टाकला, त्यांचाच रिसीव्हर गोल्डन टेटने पॅकर्सच्या सॅम शील्ड्सला दोन्ही हातांनी पाठीत ढकलून पाडला आणि मग पॅकर्सच्या एम. डी. जेनिंग्ससोबत बॉलवर झटापट झाली. टचडाऊन दिला, सीहॉक्स १४-१२. दुसऱ्या दिवशी लीगनेच सांगितलं की ओपीआय द्यायला हवा होता आणि तिथेच मॅच संपली असती. काही दिवसांतच तो वाद मिटला आणि नेहमीचे रेफरी परत आले.

पायरी ६ : शिक्षा कुठून मोजायची

डीपीआयची शिक्षा एनएफएलमध्ये भयंकर आहे. जिथे फाऊल झाला तिथेच बॉल आणि आपोआप फर्स्ट डाऊन. पन्नास यार्ड पुढे झाला तर पन्नास यार्ड. एंड झोनमध्ये झाला तर बॉल एक यार्डाच्या रेघेवर, म्हणजे टचडाऊन जवळपास हातात. उलट ओपीआयला फक्त दहा यार्ड मागे आणि डाऊन परत खेळायचा. हे असमान आहे असं बरेच जण म्हणतात, पण जागेवरची शिक्षा काढली तर हरलेला कॉर्नरबॅक प्रत्येक लांब पासवर सरळ रिसीव्हरला मिठी मारेल, पंधरा यार्ड देऊन टचडाऊन वाचवणं कोणालाही परवडेल. म्हणून मला ती योग्य वाटते.

अजून एक बारीक गोष्ट, वेळ संपली तरी शेवटच्या प्लेवर डिफेन्सचा फाऊल असेल आणि ऑफेन्सने तो स्वीकारला तर घड्याळाशिवाय एक जादा प्ले मिळतो. आणि झेल पकडलाच असेल तर ऑफेन्स शिक्षा नाकारते, तेव्हा फ्लॅग पडूनही काही झालं नाही असं दिसतं.

घोषणा कळली नाही तर हातवारे बघा. दोन्ही तळवे खांद्यापासून समोर ढकलले तर पीआय. एक उघडा हात समोर केला तर इललीगल कॉन्टॅक्ट. मूठ करून दुसऱ्या हाताने मनगट धरलं तर होल्डिंग. डोक्यावर किंवा मानेवर मार बसला तर ते वेगळंच, अननेसेसरी रफनेस, पंधरा यार्ड, त्याचा आणि बॉल पकडण्यासारखा होता का याचा काही संबंध नाही.

मग एवढे कॅमेरे असून चुका का राहतात?

हा प्रश्न २० जानेवारी २०१९ पासून जास्तच विचारला जातो. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सेंट्स विरुद्ध रॅम्स, २०-२०, पावणेदोन मिनिटांच्या आसपास वेळ, सेंट्स रॅम्सच्या १३ यार्डांवर. सेंट्सच्या टॉमीली लुइसकडे पास गेला आणि रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने बॉलकडे न बघता, बॉल पोचायच्या बराच आधी, त्याला उडवला. पायरी १ ते ४ लावून बघा, प्रत्येक उत्तर फाऊलच येतं, आणि हेल्मेटला हेल्मेट लागलं ते आणखी वेगळं. फ्लॅग नाही. सेंट्सना फील्ड गोलवर समाधान मानावं लागलं, रॅम्सनी परत बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये ग्रेग झर्लाइनच्या ५७ यार्डांच्या किकने २६-२३ जिंकून सुपर बोलला गेले. लीगच्या कमिशनरनी नंतर उघड मान्य केलं की फ्लॅग द्यायला हवा होता. न्यू ऑर्लिन्सच्या लोकांचा राग मला पूर्ण समजतो.

त्यामुळे २०१९ च्या सीझनपुरता पास इंटरफिअरन्स रिव्ह्यूमध्ये घेतला, न दिलेला फ्लॅगसुद्धा कोच चॅलेंज करू शकत होते. पण स्लो मोशनमध्ये प्रत्येक स्पर्श गुन्हा दिसतो, ठळक अडथळा म्हणजे किती हे कोणालाच धड ठरवता येईना, एका आठवड्यात निर्णय बदलायचे तर दुसऱ्या आठवड्यात काहीच बदलायचे नाहीत. २०२० ला तो प्रयोग बंद केला. आता पीआयवर कोच चॅलेंजचा लाल फ्लॅग टाकू शकत नाही, सात रेफरींपैकी त्या भागावर लक्ष ठेवणाऱ्याने जे क्षणात बघितलं तेच खरं.

कॉलेज, शाळा आणि फ्लॅग फुटबॉल

अमेरिकेत मुलं शाळेच्या टीममध्ये असलेल्या मराठी आईवडिलांनी हे वेगळं लक्षात ठेवा, टीव्हीवर रविवारी बघितलेला नियम शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर तसाच्या तसा लागत नाही. कॉलेजमध्ये डीपीआय जास्तीत जास्त पंधरा यार्ड, फाऊल त्याच्या आत झाला तर त्या जागेवर, आणि फर्स्ट डाऊन मिळतो, पण एनएफएलची ती पाच यार्डांची मर्यादा तिथे नाही. हायस्कूलमध्ये पंधरा यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाऊन नाही, म्हणजे थर्ड डाऊनला वीस यार्ड हवे असताना डीपीआय झाला तरी पाच यार्ड बाकीच राहतात. स्टँडमध्ये बसून फर्स्ट डाऊन, फर्स्ट डाऊन ओरडायच्या आधी हे आठवा.

भारतात एलिट फुटबॉल लीगच्या पहिल्या सीझनला आपली पुणे मराठाज नावाची टीमही होती, हेल्मेट-पॅडवाला पूर्ण खेळ. पण आता मुलामुलींना सुरुवात करायची असेल तर फ्लॅग फुटबॉल बरा, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो पाच-पाच खेळाडूंच्या टीमने खेळला जाणार आहे. तिथे टॅकल नाही, कमरेची पट्टी ओढली की प्ले संपला. प्रेसचा धक्का, पिकमधला धक्का, काहीच चालत नाही, त्यामुळे डिफेंडरला सगळं काम पायांनी आणि नजरेने करावं लागतं. लहान मुलांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकवा, रिसीव्हरचे हात वर गेले की मान वळवून बॉल शोधायचा आणि आपलेही हात बॉलकडेच न्यायचे.